‘घे’ आणि ‘खूण कर’: दांडिया बाजारातलं औषधाचं दुकान

औषधाच्या चिठ्ठीवर डावीकडे, वरच्या कोपऱ्यात, एक इंग्रजी आर असतो आणि त्याच्या पायाला तिरकी रेघ मारलेली असते. डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय विकता येत नाहीत त्या औषधांच्या पाकिटावरही हीच खूण छापतात. सगळे तिला ‘आरएक्स’ म्हणतात, पण त्यात एक्स नाहीच. युरोपात हाताने पोथ्या उतरवण्याच्या काळात लेखनिक एखादा शब्द तोडून लिहीत, तेव्हा अक्षराला अशी रेघ देत, आपण ‘ता.’ किंवा ‘रा. रा.’ लिहून टिंब देतो तसंच. इथे तोडलेला शब्द आहे ‘रेकिपे’. लॅटिनमध्ये ‘रेकिपेरे’ म्हणजे घेणे, आणि रेकिपे हे त्याचं आज्ञार्थी एकवचन: ‘घे’. हा शब्द इंग्रजीत गेला आणि तिथल्या उच्चाराने रेसिपी झाला. ही खूण गुरू ग्रहाची किंवा इजिप्तच्या देवाच्या डोळ्याची आहे, असे मजकूर मोबाइलवर फिरत असतात. ते सोडून द्यावेत, रेघेचा साधा खुलासा पुरेसा आहे.

आता यात मराठी माणसाची एक गल्लत होते, आणि ती आपल्याच क्रियापदामुळे. आपण औषध ‘घेतो’. त्यामुळे चिठ्ठीवरचा ‘घे’ रुग्णाला उद्देशून आहे असं वाटतं. तो तसा नाही. तो औषध तयार करणाऱ्याला आहे: अमुक इतकं घे, तमुक इतकं घे, मिसळ. आपल्याकडे पाककृतीत ‘दोन वाट्या कणीक घ्या, चिमूटभर मीठ घ्या’ असतं, तोच हा घ्या. रुग्णासाठीचा हुकूम चिठ्ठीत अगदी खाली येतो आणि त्याचा शब्द वेगळा आहे: ‘सिग्ना’, म्हणजे ‘खूण कर’, बाटलीवर किंवा पुडीवर लिहून दे. सिग्नल, सिग्नेचर हे याच घरातले.

परंपरेने चिठ्ठीचे चार भाग मानतात. वर रेकिपेची खूण. त्याखाली औषधांची नावं आणि मात्रा. मग बनवणाऱ्याला सूचना, त्यात ‘मिस्के’ म्हणजे मिसळ, ‘फिआत’ म्हणजे व्हावं, अमुक प्रकारचं तयार व्हावं. शेवटी सिग्ना. आज गोळ्या कारखान्यातून तयार येतात, म्हणून तिसरा भाग जवळजवळ संपला आणि ‘घे’ हा हुकूम ड्रॉवरमधून स्ट्रिप काढण्यापुरता उरला. दुकानदाराच्या हाताला खरं काम राहिलं ते सिग्नाचं, आणि नेमकं तेच बहुतेक ठिकाणी होत नाही. स्ट्रिपच्या चमकत्या पाठीवर बॉलपेनने १-०-१ ओरखडतात, घरी पोचेपर्यंत ते पुसलेलं असतं. जुन्या दवाखान्यात कंपाउंडर मिक्श्चरच्या बाटलीला कागदाची पट्टी चिकटवायचा, तिच्या कडेला कात्रीने खाचा पाडलेल्या असत. एक खाच, एक डोस. सिग्ना म्हणजे अक्षरशः ते.

बडोद्यात दांडिया बाजारातलं हे मेडिकल या एका कामासाठी आवर्जून जावं असं आहे. प्रत्येक औषधावर ते हाताने लिहिलेलं लेबल लावतात. लिहिण्याआधी विचारतात: मराठी, गुजराती की हिंदी? लेबल दोन बोटं रुंद, त्यावर चार ओळी. औषधाचं नाव आणि ताकद, एका वेळी किती, केव्हा, किती दिवस. डॉक्टरने कारण लिहिलं असेल तर पाचवी ओळ येते: ‘रक्तदाबासाठी’. घरात एकाच रंगाच्या, एकाच आकाराच्या तीन गोळ्या असतात तेव्हा पाचव्या ओळीचा उपयोग कळतो.

भाषा विचारण्यामागे कारण आहे. गुजरातीत जेवणानंतर म्हणजे ‘जम्या पछी’. बडोद्यात वाढलेल्या मराठी माणसाला त्यात अडचण नाही. पण पुण्याहून किंवा साताऱ्याहून मुलाकडे राहायला आलेल्या आजींना त्यात ‘जमलं तर’ असं काहीसं ऐकू येऊ शकतं, आणि मधुमेहाची गोळी जमेल तेव्हा घ्यायची नसते. हे दुकान अशा वेळी ‘जेवण झाल्यावर लगेच’ असं लिहितं.

चिठ्ठीवरची अक्षरं ते लेबलवर कधीच जशीच्या तशी उतरवत नाहीत, हा या दुकानाचा सगळ्यात मोठा गुण. ही अक्षरंही लॅटिनची आणि त्यांतली काही आपल्या फार जवळची. बीडी म्हणजे ‘बिस इन दिए’, दिवसात दोनदा. यातला बिस हा संस्कृत द्विस् चा भाऊ, आणि दिए आपल्या दिवसाच्या कुळातला. टीडीएस म्हणजे दिवसात तीनदा, त्यातला ‘तेर’ म्हणजे तीनदा, तो त्रिस्. एचएस म्हणजे ‘होरा सोम्नी’, झोपेची वेळ. सोम्नी ज्या सोम्नुसवरून आला तो आणि आपलं स्वप्न एकाच मुळाचे. होरा तर ज्योतिषांच्या तोंडी रोज असतो, तो ग्रीकांकडून इकडे आला आणि तिकडे लॅटिनमध्येही गेला. एसी ‘आन्ते किबुम’, अन्नाआधी. पीसी ‘पोस्त किबुम’, अन्नानंतर. स्टॅट ‘स्तातिम’, ताबडतोब.

एसओएसने मात्र घरोघरी घोळ होतो. बुडत्या जहाजाचा संदेश लोकांना ठाऊक असतो, म्हणून चिठ्ठीवर एसओएस दिसलं की हे औषध फार गंभीर वेळेसाठी आहे असं समजून ते जपून ठेवतात आणि रात्रभर दुखणं सोसतात. चिठ्ठीतलं एसओएस म्हणजे ‘सी ओपुस सित’, गरज पडली तर. इथल्या लेबलवर ते ‘दुखलं तरच १ गोळी. पुन्हा लागली तर ६ तासांनी. दिवसात ३ पेक्षा जास्त नाही’ असं उतरतं. तास आणि कमाल संख्या डॉक्टरने लिहिली नसेल तर दुकानातले फार्मासिस्ट फोन करून विचारतात, स्वतःच्या मनाने भरत नाहीत.

ओडीचा धोका त्याहून मोठा. आपल्याकडच्या चिठ्ठीत ओडी म्हणजे दिवसातून एकदा. डोळ्यांच्या चिठ्ठीत ओडी म्हणजे ‘ओकुलुस देक्स्तेर’, उजवा डोळा. ओएस म्हणजे डावा, त्याचा लॅटिन शब्द ‘सिनिस्तेर’, ज्यावरून इंग्रजीत अशुभ, कपटी या अर्थाचा सिनिस्टर आला. थेंबांच्या चिठ्ठीवर नुसतं ओडी असेल तर एकदा घालायचे की उजव्यात घालायचे? इथे असे थेंब लेबलशिवाय देत नाहीत. लेबलवर ‘उजवा डोळा’ शब्दांत असतो, आणि बाटली उघडल्याची तारीख लिहायला रिकामी जागा असते, कारण बहुतेक थेंब उघडल्यापासून चार आठवड्यांनी टाकून द्यायचे असतात, पाकिटावरची मुदत दोन वर्षं पुढची असली तरी. दोन वेगळे थेंब असतील तर मधे पाच मिनिटं, हेही लिहितात. लगेच दुसरा घातला तर तो पहिल्याला धुऊन काढतो.

रेसिपी या शब्दाचं पुढे काय झालं तेही इथे सांगायला हवं, कारण शीर्षकात ‘घे’ आहे आणि वाचणाऱ्याच्या डोळ्यांपुढे पुरणपोळी येणार. इंग्रजीत हा शब्द आधी औषधाचाच होता. स्वयंपाकाच्या कृतीला तो अठराव्या शतकात लागला. त्याआधी कृतीला ‘रिसीट’ म्हणत, तोही याच रेकिपेरेचा मुलगा. त्यातला पी उच्चारात नाही. फ्रेंचमधून शब्द आला तेव्हा तो पी नसलेलाच होता, लॅटिनशी नातं दिसावं म्हणून विद्वानांनी मागाहून तो स्पेलिंगमध्ये बसवला. आज रिसीट म्हणजे पावती. आपली पावतीसुद्धा ‘पावणे’वरून, म्हणजे मिळण्यावरूनच आली. रिसीव्ह आणि लग्नाचं रिसेप्शन एकाच घरातले. मुळात ‘कापेरे’, पकडणे, आणि त्याला ‘रे’ हा उपसर्ग. कॅप्चर आणि अ‍ॅक्सेप्ट तिथूनच निघाले.

बडोद्याला औषधांच्या जुन्या शब्दांची सवय आहे. १९०७ साली इथे सुरू झालेल्या अलेम्बिकचं नावच अर्क काढायच्या भांड्याचं, अरबी ‘अल-अनबीक’, त्यामागे ग्रीक ‘आम्बिक्स’.

दुकानाकडे परत. लहान मुलांच्या औषधांत त्यांचं काम सगळ्यात चोख आहे, म्हणून त्यावर जरा सविस्तर.

अँटिबायोटिकचं ड्राय सिरप म्हणजे बाटलीत कोरडी पूड असते. ते विचारतात: आत्ता बनवून देऊ की घरी बनवणार? घरी पोचायला वेळ लागणार असेल, किंवा उन्हात फिरायचं असेल, तर घरीच बनवावं. कृती लेबलच्या मागच्या कागदावर लिहून देतात आणि ती बरोबर आहे. आधी बाटली उलटी करून तळहातावर आपटून पूड मोकळी करायची. उकळून पूर्ण गार केलेलं पाणी खुणेच्या निम्म्यापर्यंत घालायचं, झाकण लावून जोरात हलवायचं. फेस बसू द्यायचा. मग खुणेपर्यंत पाणी भरून पुन्हा हलवायचं. बहुतेक चुका इथेच होतात. एकदम खुणेपर्यंत पाणी ओतलं की पूड तळाशी गठ्ठा धरते आणि पाणी मोजण्यातही फसगत होते, कारण पूड विरघळताना पातळी खाली येते. फेसालाच पाणी समजून थांबलं तर औषध ठरल्यापेक्षा दाट होतं. गरम पाण्याने काही अँटिबायोटिक खराब होतात. बाटलीबरोबर पाण्याची कुपी आली असेल तर तीच पूर्ण वापरायची, घरचं पाणी नाही. बनवलेल्या सिरपची मुदत बहुधा सात दिवस, पण पाकिटावर असेल तीच खरी. फ्रिजमध्ये ठेवायचं की बाहेर तेही तिथेच पाहायचं. दुकान लेबलवर ‘बनवलं’ आणि ‘टाकून द्या’ अशा दोन तारखा लिहितं.

चमच्याने औषध द्यायला ते ठाम नकार देतात. ‘एक चमचा’ म्हणजे ५ मिलि हे पुस्तकात. घरातला चहाचा चमचा कधी तीनचा, कधी सहाचा असतो. म्हणून मापाचं टोपण नसलेल्या बाटलीबरोबर ते सुई नसलेली तोंडाने द्यायची सिरिंज देतात आणि ज्या रेघेपर्यंत भरायचं तिथे मार्करने खूण करतात. (सिग्ना!) सिरिंजचे पैसे वेगळे, पण किरकोळ.

तापाच्या औषधात थेंब आणि सिरप यांची अदलाबदल हा खरा धोका. पॅरासिटामॉलच्या थेंबांत बरेचदा १ मिलिमध्ये १०० मिलिग्रॅम असतं, सिरपच्या एका प्रकारात ५ मिलिमध्ये १२५. म्हणजे थेंब चौपट तीव्र. थेंब संपले म्हणून सिरप आणलं आणि तेवढंच मिलि दिलं तर ताप उतरत नाही. उलट केलं तर चौपट मात्रा पोटात जाते. डॉक्टरने एकच प्रकार लिहिलेला असताना तो नसला, तर हे दुकान बदली औषध मिलिचं गणित फोनवर तपासून घेतल्याशिवाय देत नाही. पाच-दहा मिनिटं जातात, ती जाऊ द्यावीत.

इन्शुलिनमध्येही तीच काळजी. कुपीत १ मिलिमध्ये ४० युनिट असतील तर ४० ची, लाल टोपणाची सिरिंज. १०० ची असेल तर १०० ची, केशरी टोपणाची. १०० च्या कुपीला ४० ची सिरिंज लावली तर अडीचपट इन्शुलिन अंगात जातं. कुपी आणि सिरिंज ते काउंटरवर शेजारी ठेवून दोन्हीवरचा आकडा गिऱ्हाइकाकडून वाचून घेतात. उन्हाळ्यात इन्शुलिन बर्फाच्या पिशवीबरोबर मिळतं, पण कागदात गुंडाळून. बर्फाला थेट टेकून गोठलेलं इन्शुलिन निकामी होतं, दिसायला कसंही असो. फ्रिजमध्ये थर्मामीटर आहे, पाहायला मागितलं तर दाखवतात. २ ते ८ अंश हवेत.

सांधेदुखीसाठी मेथोट्रेक्सेट घेणाऱ्यांनी याच दुकानातून घ्यावं. ते आठवड्यातून एकदाच घ्यायचं असतं, आणि रोज घेतलं गेलं तर जिवावर बेततं. लेबलवर ते ‘फक्त सोमवारी’ असा वार लिहितात, ‘आठवड्यातून एकदा’ एवढ्यावर थांबत नाहीत. वार डॉक्टर किंवा रुग्ण ठरवतो. त्याबरोबर फॉलिक अ‍ॅसिड असेल तर त्याचा वार वेगळा लिहिलेला असतो. थायरॉइडच्या गोळीवर ‘सकाळी उठल्यावर पाण्याबरोबर, चहाच्या निदान अर्धा तास आधी, कॅल्शियम, लोहाच्या गोळीत चार तासांचं अंतर’ एवढा मजकूर बारीक अक्षरात बसवतात.

स्ट्रिप कापून देताना मुदतीचं टोक शेवटपर्यंत दुकानात ठेवतात, पण मुदत आणि बॅच नंबर बिलावर येतात. मुदत ०८/२०२७ लिहिली असेल तर ऑगस्टच्या शेवटच्या दिवसापर्यंत औषध चालतं, हेही विचारल्यावर नीट सांगतात. एच-वन यादीतली औषधं, म्हणजे काही जास्त ताकदीचे अँटिबायोटिक, झोपेच्या काही गोळ्या, चिठ्ठीशिवाय मिळत नाहीत. कायद्याप्रमाणे रुग्णाचं, डॉक्टरचं नाव आणि संख्या रजिस्टरमध्ये जाते आणि ते रजिस्टर तीन वर्षं जपावं लागतं. घाईतल्या गिऱ्हाइकाला हा जाच वाटतो. नियम सगळ्याच दुकानांना आहे. इथे तो पाळला जातो इतकंच.

उणिवा आहेत. लेबलचा डिंक फ्रिजच्या ओलाव्यात सुटतो. सिरपच्या बाटलीवरचं लेबल तिसऱ्या दिवशी निघून आलं तर नवल नाही. वरून पारदर्शक चिकटपट्टी मारून घ्यावी, काउंटरवर असते पण आपण सांगितल्याशिवाय लावत नाहीत. ‘बीडी’चं ते सरसकट ‘सकाळी, रात्री’ करतात. नाश्ता दहाला आणि जेवण आठला असेल तर एकीकडे दहा तास आणि दुसरीकडे चौदा पडतात. पुष्कळ गोळ्यांना त्याने फरक पडत नाही, पण फिट्सच्या गोळ्यांना आणि अँटिबायोटिकला पडतो. तिथे ‘सकाळी ८, रात्री ८’ असं घड्याळच लिहायला हवं. आपण मागितलं तर लिहून देतात.

सायंकाळी सात ते नऊ जाऊ नये. रजिस्टर्ड फार्मासिस्ट एकच, बाकीचे हात नवे. त्या वेळात लेबल नवशिका लिहितो आणि फार्मासिस्ट फक्त नजर टाकतात. घरपोच औषधांवर लेबल असतं, पण वाचून दाखवणारं कोणी नसतं, म्हणून नवीन औषध घरपोच मागवू नये, महिन्याचं ठरलेलं खुशाल मागवावं. छापील किमतीवर सूट जवळजवळ नाही. ऑनलाइन किंवा मोठ्या साखळी दुकानांत ती मिळेल, लेबल मिळणार नाही. दहा औषधांचं महिन्याचं बिल मोठं असेल तर ठरलेल्या गोळ्या तिकडून आणि नवीन, मुलांची, डोळ्यांची, मोजून द्यायची औषधं इथून, अशी वाटणी परवडते. चारचाकी दुकानासमोर उभी करता येत नाही.

जाताना मूळ चिठ्ठी न्यावी, मोबाइलवरचा फोटो नको, फोटोत १.० मधलं टिंब दिसत नाही आणि ते १० वाचलं जातं. आधीपासून चालू असलेल्या गोळ्यांच्या रिकाम्या स्ट्रिपाही न्याव्यात, एकच औषध दोन नावांनी चालू असेल तर तिथेच लक्षात येतं. आणि पिशवी उचलण्याआधी प्रत्येक लेबल चिठ्ठीशी ताडून एकदा मोठ्याने वाचायला मागावं. दुपारी तीन ते पाच गर्दी नसते, तेव्हा फार्मासिस्ट स्वतः वाचून दाखवतात.